तांबूची काकवी

संचिता माझी जाऊ. घर वाटलं, माड वाटले, पण गाय एकच राहिली, कारण ती दोघा भावांनी मिळून घेतलेली. दोघेही गोव्याला कामाला, इथे आम्ही दोघी. सकाळची धार माझी, संध्याकाळची तिची, आणि जिची धार तिने त्या वेळचं खाणं घालायचं. आमचं बोलणं बंद आहे. कशावरून ते सांगत बसत नाही. चूक तिची होती, एवढं पुरे.

तांबू जर्सी, दुधाला दांडगी. यंदा व्याली आणि थोड्याच दिवसांत तिने खाणं टाकलं. दूध आटलं, तोंडाला पिकल्या फणसासारखा गोड वास यायला लागला. कुडाळहून अक्षया डॉक्टर आल्या. म्हणाल्या, व्याल्यावर दूध भरपूर दिलं आणि पोटात काही जात नाही, म्हणून अंगातली चरबी जाळतेय, तिला साखर कमी पडलीय. शिरेतून सलाईन लावलं. मग रोज सकाळी एकदाच पाण्यातून थोडी काकवी पाजायला सांगितली. बाकी गोडाचं काही नको, असं बजावलं. हे सगळं त्या माझ्याशी बोलल्या. संचिता आपल्या पडवीत तांदूळ निवडत होती, कान मात्र इकडेच.

मी काकवी पाजली. वर गूळ घालून पेजही दिली, कारण व्यालेल्या गायीला आमच्याकडे पेज देतातच, त्यात डॉक्टरांना काय विचारायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हाणीला काकवीचा ताजा चिकटा दिसला, म्हणजे संध्याकाळी संचितानेही पाजली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाय बरी झाली तर श्रेय मला मिळेल, हे हिला बघवत नव्हतं. मग मी पेजेची तपेली मोठी घेतली. तिलाही माझ्या पेजेचा राग आलाच असणार, कारण गव्हाणीत गुळाचे खडेच सापडायला लागले. विचारायला गेलं कोण?

तांबू एका सकाळी उठलीच नाही. पोट तट्ट फुगलेलं, दात करकरा खात होती, शेण पाण्यासारखं आणि आंबूस. डॉक्टर पुन्हा आल्या. मी माझं सांगितलं. संचिताने तिचं सांगितलं, तेही डॉक्टरांकडे बघून.

"तुम्ही दोघींनी मिळून तिचं पोट आंबवलंत," डॉक्टर म्हणाल्या. "एकमेकींना एक शब्द विचारला असता तर ही वेळ आली नसती."

त्यांनी सुई टोचली, सोड्याचं पाणी करून दिलं. एकीने तोंड धरायचं, दुसरीने बाटलीने हळूहळू ओतायचं. श्वासनळीत गेलं तर गाय हातची जाईल, असं सांगून त्या पुढच्या गावाला गेल्या.

मी तोंड धरलं. तिने बाटली लावली. तिचा हात नेहमीचाच घाईचा. तांबूचा घोट अडकला, तरी ही ओततेच आहे. मी डोळे वटारले, पण ही माझ्याकडे बघेल तर ना! तांबूला ठसका लागला, डोळे पांढरे झाले.

"थांब गो! मारतंस काय तिका?"

बाटली मागे आली. तांबूने मान झटकली, खोकली, मग श्वास घेतला.

"ह्या तोंड इतके दिवस खंय होता तुजा?" संचिता म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता.

"तुजा खंय होता?"

मग बाटली संपेपर्यंत आम्ही भांडलो. ओत, थांब, हळू, शहाणपण शिकवू नको. सगळ्या वर्षांची उणीदुणी निघाली, आणि तांबूने सोडा मात्र घोट घोट गिळला.

दोन दिवसांनी ती उठून रवंथ करायला लागली. मला बरं वाटलं आणि मी थोडीशी पेज घेऊन गोठ्यात निघाले. जरासाच गूळ होता. पडवीतून संचिता ओरडली, "पेज घालू नको हां. शेण अजून पातळ आसा."

"माका शिकवू नको," मी म्हटलं, आणि तपेली घेऊन परत फिरले.