त्याच्याच जागेची जाहिरात

सूचनाफलकावर चार टाचण्या होत्या आणि कागद नव्हता.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. टाचण्या फलकाच्या खालच्या कडेला ओळीने टोचून ठेवलेल्या. म्हणजे कागद वाऱ्याने उडाला नव्हता, कोणीतरी काढला होता आणि काढणारा माणूस नीटनेटका होता. उद्या, शुक्रवारी, अकरा वाजता मजूर खात्याचे तपासनीस तोच कागद बघायला येणार होते. तसा फोन मी नुकताच खाली ठेवला होता.

आमच्या कारखान्यात प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं बनतात. बावीस वर्षं मी इथे माणसांच्या फाइली सांभाळते, आणि त्यातली सहा वर्षं सगळ्यात जाड फाइल एकाच माणसाची आहे. तो परदेशातून आला तेव्हा कोणीतरी चेष्टेने ‘पाहुणे’ म्हणालं आणि ते त्याला कायमचं चिकटलं. नळीच्या आत नळी आणि तिच्याही आत काचेचं वेटोळं असलेला, वाफ थंड करून तिचं पाणी करणारा कंडेन्सर पाहुणे फुंकून बनवतात. आमच्याकडे ते दुसऱ्या कोणालाच जमत नाही. दोघांनी प्रयत्न केले, त्यांनी केलेले तुकडे मालकांच्या कपाटात शोभेला ठेवलेत.

अशा माणसाच्या कामाचा परवाना तो स्वतः मागू शकत नाही, मालकाने मागायचा असतो. आणि मालकाने आधी दाखवून द्यायचं असतं की या कामाला इथला माणूस मिळाला नाही. त्यासाठी त्याच जागेची जाहिरात द्यायची. खात्याचा शिक्का मारलेली नोटीस कामाच्या ठिकाणी सलग दहा कामाचे दिवस लावायची, आणि कोणी लायक आलं नाही की अर्ज करायचा. दर तीन वर्षांनी हाच खेळ. मागच्या वेळी नोटीस वरच्या मजल्यावर माझ्या टेबलामागे होती, पाहुण्यांना तिचा पत्ताही नव्हता. या वर्षी नियम बदलला. आता ती कामगारांच्या डोळ्यांसमोर हवी, म्हणून मी ती हजेरीच्या यंत्राशेजारी लावली.

सोबत एक तक्ता असतो. रोज नोटीस जागेवर आहे हे बघायचं आणि सही करायची. मी पहिल्या सोमवारीच दहाच्या दहा सह्या ठोकून मोकळी झाले होते. मला दुसरी कामं काय कमी आहेत?

आज नववा दिवस होता. तक्त्यावर उद्याचीसुद्धा सही झालेली होती.

मी वर जाऊन दार लावलं आणि कारखान्याच्या वकिलांना फोन केला. सहज विचारते आहे, म्हटलं, मध्येच एखादा दिवस नोटीस नसली तर काय होतं. ते म्हणाले, मोजणी पुन्हा एकपासून. आणि सोमवारी परवाना संपत असेल, अर्ज शुक्रवारी पाच वाजेपर्यंत गेला नसेल तर? तर त्या माणसाने काम थांबवायचं आणि घरच्यांना घेऊन देश सोडायचा. खोटा तक्ता सापडला तर कारखान्याला पाच वर्षं एकही परदेशी माणूस मिळत नाही आणि सही करणाऱ्यावर खटला होतो. मग त्यांनी विचारलं, खरंच सहज विचारताय ना? मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

सफाईवालीला विचारलं, तिने पाहिला नव्हता. पॅकिंगवाले म्हणाले, कसली नोटीस? नऊ दिवस रोज त्या यंत्रात कार्ड घालतात आणि म्हणे कसली नोटीस. मी त्यांना दोन शब्द सुनावले, पण चिडायचं तर माझ्यावरच चिडायला हवं होतं.

मग मी भट्टीच्या खोलीत गेले. जेवणाची सुट्टी झाली होती तरी पाहुणे ज्योतीसमोर बसलेले होते. गेला आठवडाभर त्यांचं हेच चाललं होतं. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं, जेवायला उठायचं नाही, दुसऱ्यांची बाकंसुद्धा पुसून ठेवायची. मला वाटलं होतं, माणूस कामाला भिडलाय. मला बघून त्यांनी ज्योत बारीक केली आणि उभे राहिले.

“ताई, माणूस मिळाला का?”

“कोणता माणूस?”

“माझ्या जागी.”

त्यांनी एप्रनच्या आतून शर्टाच्या खिशात हात घातला आणि आठ घड्या केलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. वर खात्याचा जांभळा शिक्का होता.

पहिल्या सोमवारीच त्यांनी ती नोटीस वाचली होती. त्यांचंच काम, त्यांचाच अनुभव, त्यांचाच पगार, अगदी त्या वेटोळ्याचं मापसुद्धा. त्यांना वाटलं, मालकांनी आपल्याला काढायचं ठरवलंय आणि तोंडावर सांगायला संकोच करताहेत. त्याच आठवड्यात बुधवारी त्यांनी कागद काढून घेतला. “कोणी वाचलंच नाही तर कोणी येणार नाही, असं वाटलं,” ते म्हणाले. तेव्हापासून रोज रात्री ते घरी तो उघडून वाचत होते, त्यात आपलं काय चुकलं ते शोधत. बायकोने मुलीच्या वह्या खोक्यात भरायला घेतल्या होत्या. मुलीला अजून सांगितलं नव्हतं.

मी आधी भडकलेच. सहा वर्षांत एकदा तोंड उघडून विचारता आलं नाही का? मग माझं मलाच ऐकू आलं. परवाना ज्याच्या नावाचा, त्याला ही नोटीस कशासाठी लागते हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. त्यांना काढण्यासाठी नाही, त्यांना ठेवण्यासाठी तो कागद होता. त्यांना ते कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरत गेला तो मला बघवेना. ज्या कागदाच्या जोरावर ते इथे राहणार होते, तो त्यांनी स्वतःच्या हाताने काढला होता.

मालकांना सांगितलं. नोटीस परत लावायची की खरं सांगून मोकळं व्हायचं, हे त्यांनी ठरवावं असं मला वाटत होतं. ते म्हणाले, “सह्या तुमच्या आहेत, बाई. तुम्ही म्हणाल तसं.” त्यांनी असं अंग काढून घेतलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

शिक्का एकच, म्हणून दुसरा कागद छापता येत नव्हता. पाहुण्यांनी तो दोन काचपट्ट्यांमध्ये घातला आणि तयार काच सावकाश निववायच्या भट्टीवर, जिथे फक्त ऊब असते, तिथे ठेवून दिला. संध्याकाळी बाहेर काढला तेव्हा घड्या बऱ्याच दबल्या होत्या, पण होत्या. मी त्याच चार भोकांत त्याच चार टाचण्या टोचल्या. असं काही मी आयुष्यात केलं नव्हतं. केलं, कारण त्या वह्या माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या.

तपासनीस अकराला पाच मिनिटं असतानाच आले. हळू बोलणारे, सर्दी झालेले, पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनी चहाला नको म्हटलं. तक्ता हातात घेऊन ते सह्यांवरून अंगठा फिरवत राहिले.

“सगळ्या एकाच पेनाच्या आहेत.”

माझ्याकडे एकच पेन आहे, मी म्हटलं. ते खरंही होतं. मग आम्ही हजेरीच्या यंत्राजवळ गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून नोटीस जवळून पाहिली आणि एका घडीवर बोट ठेवलं. तुमच्याकडूनच पाकिटात आली होती, मी म्हटलं. तेही खरं होतं, फक्त पाकिटातली घडी एकच होती. मालक मागे उभे राहून खिशातल्या किल्ल्या वाजवत होते.

तपासनीसांनी वळून पाहिलं. पाच-सहा निळे एप्रन यंत्रापाशी उभे होते. त्यांनी सगळ्यात जवळच्याला बोटाने बोलावलं. ते पाहुणे होते.

नोटिशीवर नाव नसतं, नुसतं पद असतं. तपासनीसांना माणूस माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण पाहुण्यांना खोटं बोलता येत नाही, हे मला माहीत होतं. एकदा शेजारच्या बाकावरचा माल फुटला, तर आपला धक्का लागला असेल म्हणून त्यांनी फुटलेल्या मालाच्या यादीत स्वतःचं नाव लिहून घेतलं होतं.

“ही नोटीस तुम्ही पाहिलीत?” तपासनीसांनी विचारलं.

“रोज वाचतो, साहेब.”

“किती दिवस?”

“आज दहावा.” पाहुण्यांनी हात पाठीमागे घेतले होते. “एकही दिवस चुकला नाही. पाठ झालीय.”

आणि त्यांनी म्हणून दाखवली. पद, अनुभव, माप, कामाचे तास, अर्ज कुठे करायचा, सगळं, एकही शब्द न चुकता. बोलताना त्यांच्या उच्चारातला बाहेरचा हेल लपत नव्हता. तपासनीस कागदावर नजर ठेवून ऐकत होते, मग त्यांनी मान वर केली आणि पाहुण्यांकडे बघत राहिले. किल्ल्यांचा आवाज थांबला.

“इतकी पाठ आहे,” ते म्हणाले, “तर तुम्ही का नाही अर्ज केलात?”

“भीती वाटली, साहेब.”

तपासनीसांनी रुमाल काढून नाक पुसलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी भिंतीला तक्ता टेकवून त्याच्या खाली सही केली आणि पुढच्या कारखान्याचा रस्ता विचारला.

साडेतीनला मी अर्ज स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली. निकाल यायला सहा आठवडे लागतात. तोवर त्यांना काम करता येईल, आणि तोवर कोणीही ती फाइल पुन्हा उघडू शकेल. परत आले तेव्हा कारखाना सुटत होता. पाहुणे कार्ड हातात धरून फलकासमोर उभे होते.

नोटीस आता काढायची ना, त्यांनी विचारलं. काढा, मी म्हटलं. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मग मीच एकेक टाचणी उपटली. तीन वर्षांनी पुन्हा लागेल का, हेही त्यांनी विचारलं. लागेल, पण आधी सांगेन, मी म्हटलं, देवाशपथ सांगेन. पोच त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, घरी फोन करा, पोरीच्या वह्या बाहेर काढायला सांगा.

त्यांनी पोच दोनदा वाचली. घडी न घालता मला परत दिली.

“परवाना आला की काढू, ताई,” ते म्हणाले. “तोवर खोकं राहू दे.”