राज्य विरुद्ध केंद्र, आणि ताईचा कुकर

भावोजींचं राजकीय मत कोणालाच कधी कळलं नाही, कारण ते त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. ते लिफ्ट चालवायचे. ज्या इमारतीत चालवायचे तिच्या खालच्या मजल्यांवर राज्य सरकारची कार्यालयं होती आणि वरच्या मजल्यांवर केंद्राची. इमारत राज्याची, लिफ्ट केंद्राची. भावोजींचा पगार केंद्राचा, पण बसायचं स्टूल राज्याचं. लिफ्टमध्ये कोणी तावातावाने म्हणालं, "या केंद्राला एकदा इंगा दाखवायलाच हवा," की भावोजी विचारायचे, "कितवा मजला?" "या फुटीरांना आत टाका सगळ्यांना" असं म्हणणाऱ्यालाही तेच विचारायचे.

त्या वर्षी आमच्या विधानसभेने ठराव केला की केंद्राचा कुठलाही कायदा आमच्या संमतीशिवाय आमच्या मातीत चालणार नाही. केंद्राने ठरावाला लेखी उत्तर दिलं नाही, सुरक्षा दलाचे ट्रक पाठवले. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. 'सार्वभौमत्व' हा शब्द मुलांच्या गळी उतरवता उतरवता माझा स्वतःचा घसा बसला होता. आता लोक तोच शब्द दुधाच्या रांगेत उभे राहून वापरायला लागले. जोडाक्षरासकट.

ताईच्या घरात मात्र त्या आठवड्यात एकच प्रश्न पेटलेला होता. कुकरची रिंग सैल झाली होती. वाफ बाजूने निसटायची, शिट्टी होत नसे, भात वर कच्चा आणि खाली करपलेला. कुकर मोठा, लग्नात मीच दिलेला, त्यामुळे तो टाकून द्यायची सोय नव्हती.

मी सकाळी चहाला गेलो होतो, म्हणून पुढचं संभाषण मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"जुनी रिंग घेऊन जा मापाला," ताई म्हणाली.

"रोज डोळ्यांसमोर असतो कुकर. माप कशाला?"

"पडद्याची दांडी आणलीत तेव्हाही हेच म्हणाला होतात. खिडकीपेक्षा लहान निघाली."

"दांडी बरोबर होती. खिडकी मोठी होती."

"पाहुण्यांसमोर शोभा करू नका. अहो, नीट आणा. नाहीतर येऊच नका."

हे वाक्य ती त्यांना आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकवायची. भावोजी माझ्याकडे बघून डोळे मिचकावत बाहेर पडले. जुनी रिंग ओट्यावरच राहिली.

दुपारच्या सुट्टीत ते समोरच्या भांड्यांच्या दुकानात गेले. परतताना रस्त्याच्या एका टोकाने मोर्चा आला, दुसऱ्या टोकाला सुरक्षा दल उभं होतं, आणि मध्ये भावोजी होते. त्यांच्या डोक्याला काहीतरी लागलं. राज्याच्या डॉक्टरांच्या मते ते अश्रुधुराचं नळकांडं होतं. केंद्राच्या डॉक्टरांच्या मते तो जमावातून आलेला दगड होता. भावोजी गेले, याबद्दल मात्र दोन्ही डॉक्टरांत मतभेद नव्हता.

संध्याकाळपर्यंत राज्याने त्यांना हुतात्मा जाहीर केलं. रात्रीच्या बातम्यांत केंद्राने त्यांना कर्तव्यावर धारातीर्थी पडलेला निष्ठावान कर्मचारी जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी राज्याचे मंत्री सांत्वनाला आले आणि सोफ्यावर बसले. ते उठायच्या आतच केंद्राचे सचिव आले. सोफा एकच होता. दोघं एकमेकांकडे पाठ करता येईल तितकी करून बसले, आणि ताई दोघांसमोर पाण्याचे पेले घेऊन उभी राहिली. अंत्ययात्रेला दोन पुष्पचक्रं होती, अगदी एका मापाची. वाटाघाटीच तशा झाल्या होत्या.

"त्यांच्या हातात काही होतं का?" ताईने मंत्र्यांना विचारलं.

"होतं ना, वहिनी," मंत्री गहिवरून म्हणाले. "कडं होतं. काळं कडं."

तेच कडं महिन्याभरात राज्य संग्रहालयाच्या अस्मिता दालनात काचेच्या पेटीत आलं. खाली पाटी: 'हुतात्म्याच्या मुठीत सापडलेलं कडं. केंद्राचा विळखा तोडण्याच्या निर्धाराचं प्रतीक.' केंद्राने लगेच हरकत घेतली. ते कडं नसून लिफ्टच्या यंत्रातला रबरी भाग आहे, सबब केंद्राची मालमत्ता आहे, आणि ती वाचवतानाच कर्मचाऱ्याने प्राण सोडले. राज्याने सांगितलं, आमच्या मातीत सापडलेली वस्तू आमची. खटला उभा राहिला. वर्तमानपत्रांनी लिहिलं की संघराज्याचं भवितव्य आता या वर्तुळात अडकलं आहे.

मी ताईला ते वाचून दाखवलं. ती भांडी पुसत होती.

"अरे, ती कुकरची रिंग आहे," ती म्हणाली.

"मला माहीत आहे."

"मग सांग ना त्यांना. प्राध्यापक आहेस ना?"

"ताई, प्राध्यापकाचं कोण ऐकतं? आणि एक नवी रिंग मिळेल गं कुठेही."

"मला रिंग नकोय." तिने फडकं खाली ठेवलं. "नीट आणली होती का, एवढं बघायचंय. लावून बघीन आणि देईन परत. काय करायचा तो विळखा करा म्हणावं."

मग मी अर्ज केला. भांड्यांच्या दुकानदाराला साक्षीला बोलावलं, तर त्याने हात जोडले. "सर, मी कोणाच्याही बाजूने बोललो तरी काच माझीच फुटते."

तारखेच्या दिवशी ताई कुकर घेऊन आली. न्यायालयाच्या दारात पोलिसांनी तो बराच वेळ उलटापालटा करून तपासला आणि शेवटी शिट्टी काढून बाहेर जमा करून घेतली. शिट्टीशिवाय कुकर आत न्यायला हरकत नव्हती.

"बाई, तुमचं म्हणणं काय?" न्यायाधीशांनी विचारलं. माणूस बरा वाटला.

"साहेब, ती कुकरची रिंग आहे. आमच्या घरची."

राज्याचे वकील ताडकन उठले. "हा हुतात्म्याच्या बलिदानाचा अपमान आहे!"

केंद्राचे वकील उठले. "राज्याच्या वकिलांशी मी पूर्णपणे सहमत आहे."

केंद्र-राज्य संबंधांत इतका सलोखा मी पुस्तकातसुद्धा वाचला नव्हता. न्यायाधीशही क्षणभर गडबडले. मग म्हणाले, "लावून बघायला काय हरकत आहे?"

पेटीचं सील फोडलं. शिपायाने ती रिंग ट्रेमध्ये ठेवून आणली. ताईने कुकर टेबलावर ठेवला, झाकण उलटं केलं आणि रिंग हातात घेतली. ती लगेच लावली नाही. आधी अंगठ्याने पुसली. मग झाकणाच्या कडेत एका बाजूने बसवत गेली, आयुष्यभर बसवत आली होती तशी, कडेकडेने दाबत.

एका बाजूने बसली की दुसरीकडून सुटायची. तिने ओढून पाहिली. फिरवून पाहिली. रिंग लहान होती. अगदी सहज दिसेल इतकी लहान.

"याची नोंद घ्यावी," राज्याचे वकील म्हणाले.

"आमच्याही वतीने," केंद्राचे वकील म्हणाले.

ताईचे खांदे हलायला लागले. मी पाण्याची बाटली घेऊन धावलो. ती हसत होती. न्यायालयात हसू नये म्हणून तोंडावर पदर धरून हसत होती.

"लहान आणली रे," ती मला म्हणाली. "बघ. परत लहान आणली. यांचीच आहे ही, दुसऱ्या कोणाची असणं शक्य नाही."

मग हसणं थांबलं. तिने रिंग ट्रेमध्ये ठेवली, नीट मधोमध.

"नीट आणा, नाहीतर येऊच नका म्हटलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "कधी म्हणून माझं ऐकलं नाही, आणि हेच नेमकं ऐकलं."

ती वस्तू कुकरची नाही, एवढं त्या दिवशी न्यायालयाच्या निकालपत्रात आलं. ती कोणाची आहे, हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला. अजून तिथेच आहे. राज्य फुटून निघालेलं नाही, केंद्र नमलेलं नाही. त्या इमारतीतली लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकून पडली आहे. ती कोणी दुरुस्त करायची यावर पत्रव्यवहार चालू आहे. दोन्ही सरकारांची माणसं जिने चढतात. चढताना धाप लागते, त्यामुळे घोषणा कमी झाल्या आहेत.

परवा ताई म्हणाली, चल जरा माझ्याबरोबर. आम्ही त्या भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तिला ओळखलं आणि उभा राहिला.

"वहिनी, मी विचारलं होतं हो त्यांना, माप आणलंय का. तर म्हणाले, रोज बघतो." त्याने न विचारताच एक मोठी रिंग काढून तिच्यापुढे ठेवली. "ही घ्या. पैसे नकोत. बदलून दिली असं समजा."

ताईने ती हातात घेतली, पाहिली आणि परत केली.

"त्यांनी नेली होती तसली द्या."

तो माझ्याकडे बघू लागला. मी मान हलवली. त्याने लहान रिंग दिली.

"आता हिच्या मापाचा कुकर दाखवा."

"लहान होईल, वहिनी. दोन माणसांनासुद्धा पुरत नाही तो."

"मग माप बरोबर आहे," ताई म्हणाली.

कुकर मी उचलला. बाहेर रस्त्यावर कसलीशी मिरवणूक येत होती, कोणत्या बाजूची ते दुरून कळत नव्हतं. रस्ता ओलांडताना मी ताईचा हात धरायला गेलो, पण त्या हातात रिंग होती आणि मूठ घट्ट मिटलेली होती.