मोहाच्या झाडाखालचे वाचन

मी एक जुना पुलपीट आहे. पुलपीट म्हणजे काय, असे विचाराल मित्रांनो, तर प्रार्थनामंदिरात ज्याच्यामागे उभे राहून पाळक बोलतात आणि ज्याच्या माथ्यावर शास्त्र उघडून ठेवतात, तो उंच लाकडी खांबासारखा दिसतो ना, तो मी.

जन्माने मी सातपुड्याचा साग. दोंडाईच्याच्या एका मुसलमान सुताराने मला घडवले. ज्या परदेशी पाद्रीसाहेबासाठी घडवले, तो ताडमाड उंच होता. त्याच्या छातीचे माप घेऊन सुताराने मला उभे केले, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात आणून वर एका दगडी ओट्यावर चढवले. साहेब गेला, त्याची उंची मात्र माझ्या नशिबी राहिली. पुढे आपल्याकडचे पाळक आले. ते बिचारे पाटावर उभे राहून बोलत. मला त्याचा जरा गर्वच होता, खोटे कशाला बोलू?

माझ्यापुढे सतरंजीवर एका बाजूला पुरुष बसतात, एका बाजूला बाया. हंगामाच्या सणाला माझ्या दोन्ही अंगांना ज्वारीची कणसे आणि कपाशीची बोंडे बांधतात. तेव्हा मी नवरदेवासारखा दिसतो. बाकीचे दिवस माझी आठवण एकट्या धनीबाईला. दर शनिवारी ती मंदिर झाडते, टाचा उंच करून माझ्या माथ्यावर फडका फिरवते आणि माझ्याशी घरचे सगळे बोलते. लाकूड ऐकते, हे तिला कुणी सांगावे लागले नाही.

आता शास्त्राचे सांगतो. माझ्या माथ्यावर त्याची काही पाने बोटे लागून लागून काळी पडली आहेत. ती लढाया जिंकल्याची पाने. शत्रूच्या भिंती कोसळतात, रथ बुडतात, लोक आनंदाने गातात. त्याच शास्त्रात एक लहानसा विलापही आहे. एका नगराला वेढा पडतो, नगर जळते, आणि मागे उरलेला कुणीतरी गल्ल्यांतून हिंडत जे दिसेल ते सांगतो. भुकेली लेकरे, ओस पडलेल्या वेशी, रडायलाही त्राण नसलेल्या आया. ती पाने कोरी करकरीत होती. माझ्या साऱ्या आयुष्यात ती कुणी मोठ्याने वाचलीच नव्हती.

धनीबाईचा मुलगा ईश्वर फौजेत होता. सीमेवर तोफा चालल्या आणि त्यानंतर काही महिन्यांनी तो घरी आला. त्याच्या अंगावर ओरखडा नव्हता. मंडळीचे मुख्य पंच नवल आबा म्हणजे धनीबाईचे जेठ, तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. माणूस प्रेमळ, पण हौशी. त्यांनी ईश्वरला झेंडूचा हार घातला, हात धरून ओट्यावर माझ्यामागे उभे केले आणि म्हणाले, "सांग रे भाऊ, कशी मात करी ते!"

ईश्वरने माझ्या दोन्ही कडा धरल्या. इतक्या घट्ट, की त्याची नखे माझ्यात रुतली. हार काढून माझ्यावर ठेवून तो बाहेर गेला, तो पुन्हा आत आला नाही. दर रविवारी आईला सोडायला यायचा आणि आम्ही आत गाणी गात असू तोवर खिडकीबाहेरच्या मोहाखाली बसून राहायचा.

"काय करू रे लाकडा," धनीबाई फडका मारता मारता म्हणायची. "पोऱ्या रोज पानीना तांब्या भरस नि उंबरठावर ठेवस. का, ते सांगत नही."

धनीबाई मोठ्या वयात प्रौढवर्गात अक्षरे शिकली होती. संध्याकाळी ती ईश्वरजवळ बसून शास्त्रातले एखादे पान अडखळत वाचायची. एकदा तिच्या बोटांना तो विलाप सापडला. ती वाचत गेली आणि किती तरी दिवसांनी ईश्वर आपणहून बोलला, "माय, जेनी हाई लिखं, त्यानी समदं देखेल शे."

बस्स, त्या दिवसापासून तिने मनात धरले. हे पान मंदिरात वाचले पाहिजे. आपला मुलगा आत यायचा असेल, तर त्याच्या मनातले आधी आत आले पाहिजे.

हंगामाच्या सणाच्या सकाळी पदर सावरून तिने सर्वांदेखत नवल आबांना विचारले. आबांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सणना दिन रडगानं कसाले? आनि बाईमानूस वर उभी राही नि जेठ खाले बशी? आपलामां चालत नही."

जेठाबद्दल असे शास्त्रात कुठे लिहिलेले नाही, मित्रांनो. माझ्या माथ्यावरच तर ते उघडे होते. पण जेठासमोर भावजयीने उंच बसू नये, ही रीत त्या गावाला शास्त्राहून पाठ. पाळकांनी आबांकडे पाहिले आणि गाण्यांचे पुस्तक चाळायला घेतले. मला त्यांचा भारी राग आला.

"माले वर चढनं नही, आबा," धनीबाई शांतपणे म्हणाली. "मन्हा पोऱ्या बाहेर बशेल शे. मी त्यानाजोडे बसीसन वाचसू."

आणि ती आपले शास्त्र घेऊन बाहेर गेली. तिच्यामागे एक बाई उठली, मग दुसरी, मग लेकरे, मग त्या लेकरांचे बाप. शेवटी पाळकही खाली मान घालून निघाले. आत उरलो कणसे बांधलेला मी आणि एकटे नवल आबा.

खिडकीतून धनीबाईचा आवाज येऊ लागला. एकेक अक्षर बोटाने धरून ती वाचत होती. जळलेल्या नगरातली लेकरे तहानेने कासावीस होतात, तिथे ती आली आणि ईश्वर मोठ्याने रडला. आम्ही आत ऐकले.

"माय, तठे एक पोरनी माले पानी मांगं. मी पानी लई वनू, तवलगून..."

तोवर ती पोर उरली नव्हती. उंबरठ्यावरचा तो तांब्या तो तिच्यासाठी भरत होता.

नवल आबा उठले. तोल जाऊन त्यांनी माझी कड धरली, तर बोटांना नखांचे वण लागले. ते वाकून कितीतरी वेळ पाहत राहिले. आपणच त्या लेकराला इथे ओढून उभे केले होते, हे त्यांना आठवले असावे. मग ते बाहेर गेले आणि मातीत मांडी घालून ईश्वरशेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जहांगीर मिस्त्रीला बोलावणे धाडले. हा माझ्या सुताराचा नातू. आबांनी हुकूम सोडला, "पुलपीटले खाले उतार. आनि त्याना पाय काप."

"कितला कापू, आबा?"

"धनीबाईनी छातीलगून."

करवत लागली तेव्हा मी कळवळलो. इतक्या वर्षांचा रुबाब भुशात गेला! जहांगीरने मायेने माझ्या अंगावर हात फिरवला आणि कडेशी थांबून विचारले, "हाई नखसना वण शेत. रंधा मारीसन काढी टाकू?"

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले.

पुढच्या रविवारी मी ओट्याखाली, सगळ्यांच्या पातळीवर उभा होतो. धनीबाईला टाचा उंचवाव्या लागल्या नाहीत. तिने तेच पान उघडले. वाचता वाचता तिचा डावा हात माझ्या कडेवर आला आणि बोटे त्या वणांत बसली. तिने एकदा खाली पाहिले आणि पुढची ओळ वाचली. तेवढ्यात दारात चप्पल काढल्याचा आवाज झाला. नवल आबांनी मागे न पाहता जरा सरकून सतरंजीवर जागा केली, आणि ईश्वर येऊन तिथे बसला.

मित्रांनो, कुणी लढाईवरून परत आले, तर त्याला घाईने हार घालून बोलायला उभे करू नका. आधी त्याच्याजवळ खाली बसा. आणि माझ्यासाठी एवढेच करा. मला तेल लावा, वाळवीपासून जपा, हवा तर रंगही द्या. पण माझ्या कडेवरचे ते वण कधी बुजवू नका. धनीबाई दर शनिवारी फडका घेऊन येते, तेव्हा तिचा हात अजून तिथेच थांबतो.