सिलिंडर भरलेले आहेत

थोरला भाऊ ट्रॅकच्या वळणावर जळाला, त्याला तीन वर्षं झाली. शर्यतीत गाडी उलटली, पेटली, आणि ट्रॅकवरची माणसं आग विझवायचे लाल सिलिंडर घेऊन धावली. दाबतात तर काय, फुस्स! ट्रॅकच्या मालकाने चौकशीत छातीठोकपणे सांगितलं, "सिलिंडर भरलेले होते. त्यालाच वेग आवरला नाही." अहवालात छापून आलं, चालकाची चूक. मेलेल्या माणसावर खापर फोडायला काय जातंय हो? तो थोडाच उठून भांडायला येणार आहे!

पण धाकटा होता ना. तोही चालक. दोनदा अजिंक्यपद मिळवलं आणि दोन्ही वेळा करंडक हातात धरून त्याने एकच हेका लावला. कठडे मजबूत करा, डॉक्टर ठेवा, सिलिंडर तपासा. मालक त्याला चारचौघांत 'आजीबाई' म्हणायचा. धाकटा हसण्यावारी न्यायचा. चालकांच्या जिवाची त्याला खरंच काळजी होती, पण त्याहून जास्त त्याला या माणसाचं तोंड काळं झालेलं बघायचं होतं. खोटं कशाला बोला?

यंदा सगळ्या चालकांनी ठरवलं, धाकट्याने तपासून सही केल्याशिवाय कोणी गाडीत बसायचं नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी मालक सिलिंडरांच्या रांगेपुढे उभा राहिला. प्रत्येकाच्या गळ्यात तपासणीची करकरीत चिठ्ठी.

"बघ, तारीखसुद्धा कालची. कर सही."

"करतो की. आधी तुम्ही गाडीत बसा. मी शेजारी आग लावतो, तुमच्याच सिलिंडरने विझवतो."

गाडीजवळ पेट्रोल भरलेला पत्र्याचा ट्रे तयार होता. सगळे चालक बघत होते, वार्ताहर बघत होते. भावाची बायको तीन वर्षांत पहिल्यांदाच ट्रॅकवर आली होती, तीही बघत होती. मालकाला नाही म्हणता येईना. पोरगा नाटक करतोय, काडी ओढायची हिंमत नाही, असं समजून तो हसत गाडीत बसला. धाकट्याने स्वतः त्याचे पट्टे आवळले.

आणि काडी ओढली.

ट्रे भडकला तसं मालकाचं हसू पळालं. तो पट्ट्यांशी झटायला लागला, पण घाईत खटका सापडेना. धाकटा सिलिंडर हातात घेऊन शांत उभा.

"काढ मला! रिकामे आहेत ते!"

"आजीबाईला ऐकू येत नाही. मोठ्याने बोला."

"रिकामे आहेत! नुसत्या चिठ्ठ्या बदलल्यात!"

"आणि तेव्हा?"

"तेव्हाही रिकामेच होते! काढ रे बाबा!"

झालं! वार्ताहरांनी लिहून घेतलं. आता फक्त दाबायचं होतं. सिलिंडर धाकट्याने परवाच मालकाच्या नकळत गोदामातून नेऊन भरून आणले होते; चालकांना आणि वहिनीला तेवढं ठाऊक होतं. मालकाने एक जरी उचलून पाहिला असता, तरी वजनावरून कळलं असतं.

पण धाकट्याचा हात हलेना. तो मोजत होता. भाऊ एकशे दहा सेकंद आत होता. मग हाही राहू दे. एक. दोन. ज्वाळा गाडीच्या अंगाला लागल्या. तीन. चार. चालकांना वाटलं, अजून परीक्षाच चाललीय, म्हणून कोणी पुढे आलं नाही. वहिनी मात्र जवळ आली. तिने त्याचे पुटपुटणारे ओठ पाहिले.

"भावजी, किती झाले?"

"सात."

"पुरे. दाबा."

त्याने दाबलं. पांढऱ्या भुकटीचा लोट उठला आणि आग विझली. दोघा चालकांनी मालकाला ओढून बाहेर काढलं. तो जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडत होता.

"दया आली का त्याची?" धाकट्याने विचारलं. आवाजात अजून राग होता.

"दया? त्या मेल्याची?" वहिनीने पदराने कपाळ पुसलं. "आत्ता जे बोलला, ते त्याला न्यायाधीशापुढे बोलायला लावायचंय. भर कोर्टात, ह्यांचं नाव घेऊन. जिवंत हवाय मला तो."