मामांचं बोट

वर्कशॉपात त्या फिटरला सगळेच मामा म्हणत, पण सख्खी भाची एकच, आणि तीच त्यांची साहेब. खोल समुद्राच्या पाण्यात विरघळलेले वायू मोजणारं छोटं यंत्र तिला बनवायचं होतं. तसली यंत्रं आधीही होती, पण कपाटाएवढी. बोटीवर चढवायलाच सहा माणसं लागायची. हिचं थर्मासएवढं. एका टोकाला पातळ पडदा, त्यातून वायू आत येणार आणि पाणी बाहेर राहणार. बाकी टायटॅनियमची नळी, झाकण, आणि झाकणाच्या खाचेत रबरी कडं.

सगळा खेळ त्या कड्याचा. चार किलोमीटर खाली पाणी असं दाबतं, की कड्याखाली एक केस अडकला तरी यंत्राचं मातेरं. ग्रीसमध्ये दडलेला केस भिंगातूनही दिसत नाही. म्हणून मामा हातमोजा काढायचे, डोळे मिटायचे आणि कड्यावरून उघडं बोट फिरवायचे. “लावा,” म्हणाले की विषय संपला. बोट कधी चुकलं नव्हतं.

आणि दोन वर्षांपासून त्या बोटाला काही कळत नव्हतं!

शुगरनं आधी मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. गरम कप धरला तरी चटका बसेना. डॉक्टरकडे जायचं, तर कशाला हात दाखवून अवलक्षण? अहो, त्या माणसाजवळ दुसरं होतं तरी काय? ना डिग्री, ना हुद्दा. झाकली मूठ सव्वालाखाची म्हणत मामा बोट फिरवत राहिले आणि ‘लावा’ म्हणत राहिले.

पहिलं यंत्र पाणी भरून वर आलं, तेव्हा भाचीनं खाच खोल केली. दुसरं गेलं, तिनं झाकण बदललं. तिसरं गेल्यावर ती जेवेनाशी झाली. आत केस होता की नव्हता, सांगणार कोण? समुद्र सगळं धुऊन नेतो. चौथं गेलं आणि संचालकांनी बैठक बोलावली.

“कड्यावर कचरा राहिला असेल का?” त्यांनी विचारलं.

आता बोलायचं, मामांनी ठरवलं. पण भाचीच आधी उभी राहिली.

“मामांनी तपासलं होतं, सर. म्हणजे कचरा नाही. मूळ डिझाइनच चुकलंय. मला जमलं नाही.”

अरे, बोल की माणसा! नाही बोलला. पाच मिनिटांत प्रकल्प बंद झाला.

दुपारी ती टेबल आवरत होती. मामा दारात येऊन उभे राहिले आणि एका दमात सगळं सांगून मोकळे झाले.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“दोन वर्षं झाली.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं गठ्ठ्यातून सगळ्यात खालचा कागद ओढून काढला. पहिलं ड्रॉइंग.

“म्हणजे हेच बरोबर होतं?”

“मला वाटतं, हो गं बाळा.”

मामांना रडू आवरेना. “आत्ता जातो. सरांना सांगतो, चूक माझी आहे म्हणून.”

“सांगा,” ती म्हणाली. “कोण ऐकणारे?”

मामा तसेच जिना चढून गेले. संचालकांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, उठून जवळ आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“समजू शकतो, मामा. शेवटी बहिणीची पोर आहे.”