ग्रंथाची सुटका

आरेगान गावात सुनेला तोंड नसतं. म्हणजे असतं, पण त्यावर रुमाल असतो. लग्न होऊन आलेल्या मुलीने नाकाखाली रुमाल बांधायचा आणि पहिलं मूल पाळण्यात रडेपर्यंत घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे, गावातल्या पुरुषांपुढे चकार शब्द काढायचा नाही. हवं-नको ते हातवाऱ्यांनी सांगायचं, आणि बाहेरच्या कोणाला त्या हातवाऱ्यांचा अर्थ हवा असेल तर तो सांगायचा सासऱ्याने. बोलायची मुभा फक्त नवऱ्यापाशी. वानेनीला या घरात येऊन काही हिवाळे झाले होते, पण पाळणा हलला नव्हता. त्यामुळे तिचा आवाज कसा आहे हे आरेगानात एकट्या तिच्या नवऱ्याला, मार्गारेला ठाऊक होतं. आणि त्या मार्गारेला घोडेस्वार धरून घेऊन गेले.

द्राक्षं तुडवायचे दिवस होते. शत्रूच्या किल्ल्यावरचे हे घोडेस्वार गावात आलेच नाहीत, सरळ डोंगरावरच्या मठात घुसले. चांदीचे दिवे नेले, मेण नेलं, वाइन नेली. आवारात द्राक्षं तुडवणारी तीन पोरं नेली आणि लेखनिकाच्या खोलीतून मार्गारेला नेलं. त्याच्यापुढे उघडा पडलेला मठाचा ग्रंथही नेला, कारण त्याच्या ओकच्या फळ्यांवर चांदी मढवलेली होती.

त्या ग्रंथाचं प्रस्थ काय सांगावं! याच मठातल्या कोणा जुन्या साधूने रचलेल्या गोष्टी होत्या त्यात. संतांच्या, राजांच्या, लबाड कोल्ह्यांच्या आणि त्याहून लबाड न्यायाधीशांच्या. खोऱ्यातल्या बायका कणीक मळता मळता त्याच गोष्टी सांगायच्या आणि पोरं त्या ऐकतच मोठी व्हायची. सणाला ग्रंथ बाहेर निघायचा, लोक रांगेने त्याचं चुंबन घ्यायचे, आजाऱ्याच्या कपाळाला तो टेकवायचे. वाचायचं मात्र कोणी नाही. वाचता येत होतं कोणाला? मठाधिपती होवाकिमना यायचं, तर त्यांचे डोळे गेलेले. उरला मार्गारे. तो त्या ग्रंथाची दुसरी प्रत लिहीत होता आणि अर्ध्यावर आला होता.

गावाला तो मोठा भक्त वाटायचा. वानेनीला खरं माहीत होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या तो तिला ग्रंथातल्या गोष्टी घडाघडा म्हणून दाखवायचा, आणि शेवट असे काही फिरवायचा की तिला हसू आवरायचं नाही. कोल्हा मठाधिपती व्हायचा, संत कोंबडी चोरून पळायचा.

"अहो, हळू. मामंजी ऐकतील," ती म्हणायची.

"ऐकू दे. एवढी एक प्रत पुरी झाली ना, की लेखणी मोडून चुलीत घालतो बघ. त्या म्हाताऱ्या साधूच्या गोष्टींपायी माझे डोळे चाललेत. मग आपण ओढ्याकाठी जर्दाळू लावू. जर्दाळूला शाई लागत नाही."

घोडेस्वार गेल्यावर थोड्याच दिवसांत मिठाचा व्यापारी निरोप घेऊन आला. हा दोन्हीकडचं मीठ खाणारा माणूस, किल्ल्यावरही जायचा आणि गावातही.

"किल्लेदार म्हणतो, बर्फ पडायच्या आत काय ते द्या," त्याने देवळाच्या आवारात सांगितलं. "नंतर माणसं दक्षिणेच्या बाजारात जातील. आणि पुस्तकाची चांदी काढून कातडं चांभाराला."

आमच्याकडे शत्रूने नेलेला ग्रंथ हा चोरीचा माल मानत नाहीत, तो कैदी मानतात. माणसासारखीच त्याचीही खंडणी भरतात, आणि ज्यांनी भरली त्यांची नावं ग्रंथाच्या शेवटी लिहितात. आजवर याचा अभिमान सगळ्यांनाच होता. ग्रंथ आणि माणूस एकाच किल्ल्यात अडकायची वेळ तोवर कधी आली नव्हती.

गावाचा मुखिया होता हामाझास्प. वानेनीचा सासरा, मार्गारेचा बाप. त्याने आवारात घोंगडी अंथरली आणि लोकांनी आपापलं आणून टाकलं. कोणी तांब्याची कढई, कोणी कानातलं, कोणी बैलाचं दावं, म्हणजे बैल दिला असं समजायचं. ढीग चांगला दिसत होता. व्यापाऱ्याने त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि मान हलवली.

"यात एकच सुटेल. तोसुद्धा अजून थोडं घातलंत तर. कोण सोडवायचं ते तुम्ही ठरवा."

मग जे व्हायचं ते झालं. बार्सेघ लोहार ओरडला, "माझा एकुलता एक आहे!" ज्यांची दोन पोरं धरली होती त्या घराने दोन हक्क सांगितले. कोणी म्हणालं, कढई माझी मोठी. कोणी म्हणालं, तुझा पोरगा कामाचा तरी आहे का? काल एका ताटात जेवलेली माणसं एकमेकांच्या नरडीला हात घालू लागली. हामाझास्प सगळ्यांकडे बघत होता आणि त्याच्या कपाळावरची शीर उडत होती.

तेवढ्यात मठाधिपती होवाकिम काठी टेकत पुढे आले.

"पोरांनो, लाज वाटू द्या. माणूस काय, आज ना उद्या जायचाच. ग्रंथ गेला तर पुन्हा जन्माला यायचा नाही. तो ना बार्सेघचा, ना मुखियाचा. तो सगळ्यांचा आहे."

"पण महाराज, तो आम्हाला पाठ आहे की!" भिंतीपाशी उभी असलेली लोहाराची म्हातारी आई बोलली. "माझा नातू पाठ नाही मला. तो आणा."

कोणीतरी तिला गप्प बसवलं. ग्रंथ सगळ्यांचा, हे ऐकल्यावर आवारातला आवाज एकदम उतरला. माझा नाही तर नाही, पण तुझाही नाही ना, मग चालेल. लोकांचे चेहरे सैल झाले.

ते बघून वानेनी बायकांतून बाहेर आली. कंबरेचा चांदीचा पट्टा सोडला. हा पट्टा लग्नात सासरचे घालतात आणि बाई मेली तरी तो सहसा काढत नाहीत. तो तिने घोंगडीवर ठेवला, त्यावर मार्गारेची लोकरीची टोपी ठेवली, दोन्ही हात छातीशी ओढून धरले आणि सासऱ्याकडे पाहिलं. याहून स्पष्ट कसं सांगायचं असतं? हा पट्टा घ्या, तो माणूस मला आणून द्या. आंधळ्यालाही कळलं असतं.

आंधळ्या होवाकिमांनी विचारलं, "कोण आलं पुढे? काय म्हणते?"

"माझी सून आहे," हामाझास्प म्हणाला. वानेनीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला वाटलं, आता सुटला मार्गारे.

"म्हणते, पट्टा ग्रंथासाठी घ्या. आणि नवराही मी ग्रंथावरून ओवाळून टाकला."

आवारात एकच गलका झाला. बायका डोळे पुसू लागल्या. मठाधिपतींनी आकाशाकडे हात जोडले. बार्सेघ लोहारसुद्धा खाली मान घालून म्हणाला, "पोरीने लाजवलं आम्हाला." वानेनीने रुमालाखाली तोंड उघडलं. नाही, नाही, असं तिला म्हणायचं होतं. पण इतकी वर्षं ज्या गळ्यातून चारचौघांत आवाज निघाला नाही, तो ऐन वेळी कुठून निघणार? नुसती हवा निघाली. तिने सासऱ्याची बाही धरून ओढली. बायकांना वाटलं, तिला चक्कर येते आहे, म्हणून त्यांनी तिला धरून सावलीत बसवलं आणि ताकाचा वाडगा तोंडाला लावला.

व्यापाऱ्याने पट्टा हातात तोलून पाहिला. "आता भरलं," तो म्हणाला.

ग्रंथ गाढवावर बसून आला. गळ्यात घुंगरं बांधलेलं गाढव, पुढे मेणबत्त्या, मागे गाव. चांदी किल्लेदाराने आधीच ओरबाडून काढली होती, उघड्या फळ्या तेवढ्या आल्या. लोकांनी त्या फळ्यांचं चुंबन घेतलं. व्यापाऱ्याने जाता जाता सांगितलं की माणसांचा तांडा दक्षिणेला निघाला, लेखनिक खोकत होता, पण चालत होता. त्याच आठवड्यात बर्फ पडलं आणि घाट बंद झाला.

सणाच्या दिवशी देऊळ गच्च भरलं. मठाधिपतींनी दुसऱ्या मठातून एक तरुण साधू बोलावून ग्रंथाच्या शेवटी सोडवणाऱ्यांची नावं लिहून घेतली होती. तो ती मोठ्याने वाचू लागला. कढईवाल्याचं नाव, बैलवाल्याचं नाव. जो तो आपलं नाव आलं की छाती फुगवून शेजाऱ्याकडे बघत होता. मग त्याने वाचलं, "आणि मार्गारेची पत्नी वानेनी, जिने ग्रंथासाठी आपला नवरा दिला. वाचणाऱ्यांनो, तिची आठवण ठेवा."

"मी नाही दिला."

देवळात कोणाला कळेना, बोललं कोण. हा आवाज कोणी कधी ऐकलाच नव्हता. थोडा घोगरा, थोडा पोरकट असा आवाज होता. वानेनीने रुमाल खाली ओढला होता.

"मी त्यांना मागितलं होतं. पट्टा त्यांच्यासाठी होता. तुमचा ग्रंथ त्यांना सगळा पाठ होता, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. त्यांना आणलं असतं तर त्यांनी तो पुन्हा लिहून दिला असता. आता ग्रंथाला सांगा ना, म्हणावं, मार्गारेला पुन्हा लिहून दे!"

तरुण साधू पानावर बोट ठेवून तसाच उभा राहिला. सासू ताकुही लगबगीने आली, तिने सुनेच्या तोंडावर रुमाल ओढला आणि तिला कवेत घेतलं. "दुःखाने डोकं फिरलंय हो पोरीचं," ती रडत रडत सगळ्यांना सांगत होती. होवाकिम म्हणाले, "असू दे, असू दे. एवढा मोठा त्याग केल्यावर शरीर दुबळं होतंच." आणि त्यांनी पुढचं नाव वाचायला सांगितलं.

घरी आल्यावर हामाझास्प जमिनीतल्या भट्टीपाशी पाय सोडून बसला. त्याने ताकुहीला गाय बघायला बाहेर पाठवलं.

"सूनबाई, मला कळलं होतं," तो म्हणाला. "टोपी ठेवलीस तेव्हाच कळलं होतं."

वानेनीने रुमाल खाली ओढला.

"माझाच पोरगा आणला असता, तर बार्सेघने तापलं लोखंड घेऊन माझं दार गाठलं असतं. बाकीच्या दोन पोरांचा बाप कुऱ्हाड घेऊन आला असता. बरोबरच होतं त्यांचं. मुखियाचा म्हणून सुटला, असं पिढ्यान्‌पिढ्या बोलले असते. आणि बार्सेघचा आणला असता, तर तुझी सासू मला जिवंत ठेवती का? ग्रंथ आणला म्हणून गाव एक राहिलं. कोणीतरी आधी आपला हक्क सोडायला हवा होता. मी तुला पुढे केलं." त्याने बाहीने नाक पुसलं. "तू बोलणार नाहीस हे मला माहीत होतं, पोरी. म्हणूनच जमलं."

"ते तुमचे कोण होते, मामंजी?" वानेनीने विचारलं.

हामाझास्प काटकीने विस्तव उकरू लागला. बापाने पोराचा सौदा करावा आणि त्यावर सुनेच्या नावाचा शिक्का मारावा, याला कोणत्या ग्रंथात उत्तर सापडणार होतं?

त्या दिवसापासून वानेनीने सासऱ्याशी अबोला धरला. गावाशीही. ती भट्टीत भाकऱ्या लावायची, पाणी आणायची, गुरांचं करायची. म्हाताऱ्याचं ताट वाढायची आणि त्याच्याकडे न बघता निघून जायची. कोणी विचारलं तर हातानेही सांगायची नाही. म्हातारा मेला तेव्हा त्याच्यासाठी तिने तोंडातून रडण्याचा आवाजदेखील काढला नाही.

गावाला मात्र फार बरं वाटलं. पोर भानावर आली, लोक म्हणाले. नवरा नाही, मूल नाही, तरी केवढी रीत पाळते बघा. बायका आपल्या नव्या सुनांना तिच्याकडे बोट दाखवून सांगायच्या, "अशी असावी."