अकराच्या तासाला तुटणारं नेट

आजोबांच्या खोलीतल्या स्टुलावरून मी बोलतोय. राऊटर हे माझं नाव, पण या घरात मला नावानं कुणी ओळखत नाही. नीट चाललो तर माझी आठवणच होत नाही, आणि अडखळलो की "तो डबा परत मेला" एवढंच कानावर येतं. सहा वर्षं झाली. आता अंग लवकर तापतं, एक दिवा कायमचा गेलाय, वायरीला चिकटपट्टी लावलेली आहे. दमलोय, हे आधीच सांगून टाकतो.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. एका लांबलचक सरकत्या पट्ट्यावर माझ्यासारखेच शेकडो जण रांगेत होते. कुणीतरी पाठीवर आकड्यांचा कागद चिकटवला, पुढच्यानं खोक्यात घातलं. मग बरेच दिवस अंधार. खोकं उघडलं ते या घराच्या मुलानं. "उंचावर ठेवलं की रेंज चांगली येते," असं म्हणत त्यानं मला घरातल्या बोळातल्या लोखंडी कपाटावर चढवलं. शेजारी एक मोडकी छत्री आणि घडी घातलेल्या पिशव्या. पाठीमागे भिंत, भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. ती जागा मला सोयीची आहे का, हे कुणी पाहिलं नाही. डब्याला कोण विचारतो?

घरात माणसं चार. मुलगा नऊला कामावर जातो. सून घरी बसून एका छापखान्याची प्रुफं तपासते. आणि आजी-आजोबा. आजोबांनी चौतीस वर्षं टेलिफोनच्या लाइनींमधले बिघाड शोधण्यात घालवली. निवृत्त झाल्यावरही घरातली बटणं, पंखे, बेल तेच बघायचे. मला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. "ही तुमची नवी जात आहे, आमच्या वेळची नाही," असं मुलाला म्हणायचे.

मागच्या वर्षी त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, शब्द ओठांपर्यंत यायचे आणि तिथंच अडून बसायचे. डॉक्टरांनी बोलण्याचे व्यायाम सांगितले. ते शिकवणाऱ्या बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या आणि घराला तिसरा मजला, लिफ्ट नाही. म्हणून आठवड्यातून तीन दिवस, सकाळी अकराला, त्या सुनेच्या लॅपटॉपवर येऊ लागल्या. त्यांना आणायचं काम माझं.

बाई एकेक चित्र दाखवायच्या. कुलूप, कंगवा, खिडकी. आजोबा डोळे मिटून जोर लावायचे. "खि…" इथवर यायचे. मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. आणि नेमका त्याच वेळी माझ्या कानात कुणीतरी पत्र्याचं पिंप बडवायला लागायचं. मला काही ऐकू यायचं नाही, काही पुढे देता यायचं नाही. पडद्यावर बाई तोंड उघडं ठेवून थिजून जायच्या. दोन-तीन मिनिटांनी गोंगाट थांबायचा, बाई परत यायच्या, पण आजोबांचा शब्द गेलेला असायचा. पुन्हा पहिल्यापासून.

माझ्यावर उपाय सुरू झाले. सुनेनं मला बंद करून चालू केलं, दिवसातून चार-चार वेळा. मुलाला वाटलं शेजारचे चोरून नेट वापरतात, म्हणून त्यानं पासवर्ड बदलला. तो इतका लांब ठेवला की दोन दिवस त्यालाच आठवेना. माझे अँटेना कधी उभे केले, कधी आडवे. एकदा तर आजीनं मला ओल्या फडक्यानं पुसलं. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा दुपारी चारला. मोबाइलवर काहीतरी पाहून म्हणाला, "इथं तर सगळं ओके आहे." चारला सगळं ओकेच असायचं.

या सगळ्यात आजोबा काहीतरी सांगू पाहत होते. नेट तुटलं की ते डाव्या हातानं दाराकडे, स्वयंपाकघराच्या दिशेनं दाखवायचे आणि घशातून आवाज काढायचे. आजी लगेच उठायची.

"शेक हवाय का? दुखतोय ना खांदा? आणते हं."

लुळ्या हातामुळे त्यांचा खांदा ठणकायचा. धान्य भरलेली एक कापडी पिशवी मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटं गरम करून आजी तो शेकायची. पिशवी निवली की परत गरम करायची. अकराच्या तासाला आजोबा एका जागी ताठ बसतात, तेव्हा जास्त दुखत असेल, असं तिचं म्हणणं. म्हणून त्या तासात दोन-तीन खेपा तर नक्कीच. आजोबा मान हलवून नाही म्हणायचे, दाराकडे बोट दाखवायचे. आजी म्हणायची, "अहो, लाजता कशाला?" आणि निघायची. भिंतीपलीकडे घूं घूं सुरू व्हायचं आणि माझ्या कानात पिंप.

काही दिवसांनी आजोबांनी बोट दाखवणं सोडलं. उशीखाली एक कागद ठेवू लागले. नेट तुटलं की डाव्या हातानं त्यावर वाकडीतिकडी रेघ मारायचे. एकदा सुनेनं विचारलं, "बाबा, हे काय लिहिताय?" तेवढ्यात आजी पिशवी घेऊन आत आली. आजोबांनी कागद घडी करून खिशात टाकला आणि निमूट खांदा पुढे केला.

मग एका दिवशी तीनदा तुटलं. तिसऱ्यांदा बाई दिसू लागल्या तेव्हा आजोबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. बाई सुनेला म्हणाल्या, "चिडू नका, पण असं मधेच तुटलं की त्यांचा धीर सुटतो. त्यापेक्षा काही दिवस थांबवू या. इथं आणायला जमलं तर बघा."

"तीन जिने आहेत हो," सून म्हणाली.

त्या दुपारी तिनं कंपनीला फोन केला. आवाज चढवला नाही, पण हलली नाही जागची. "माणूस पाठवायचा तर सकाळी अकराला पाठवा. चारला आलात तर दार उघडणार नाही."

कंपनीकडून आली ती एक बाई, खांद्याला हत्यारांची पिशवी, तीन जिने चढून धापा टाकत. आधी पाणी मागितलं. मग लॅपटॉप लांब वायरीनं थेट माझ्या पोटात जोडला आणि आजोबांच्या दाराशी गप्प बसून राहिली. इतकी वर्षं माझ्यासमोर गप्प बसलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं आजी पिशवी घेऊन उठली आणि नेहमीसारखा गोंगाट झाला. सुनेच्या मोबाइलवरचं नेट गेलं. लॅपटॉपवरचं वायरीतून चालूच राहिलं.

"लाइन चांगली आहे, डबाही चालतोय," ती म्हणाली. "याचा आवाज हवेत कुणीतरी दाबतंय. या वेळी घरात काय चालू होतं?"

"काहीच नाही. रोजचंच," सून म्हणाली.

तेव्हा आजोबांनी खिशातून कागद काढला. आधी आजीच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग कागद त्या बाईच्या हातात दिला. रेघाच रेघा. प्रत्येक रेघेपुढे एक चौकोन, चौकोनाला दार, आत एक फुगीर पिशवी.

बाईनं कागद उलटसुलट पाहिला. "आजोबा, तुम्ही टेलिफोनच्या लाइनमध्ये कामाला होतात का?"

आजोबांनी मान डोलावली. त्यांचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात आजी गरम पिशवी घेऊन दारात आली. बाईनं तिला हळू आवाजात समजावलं की मायक्रोवेव्ह आणि हा जुना डबा एकाच पट्टीत, म्हणजे हवेतल्या एकाच लहरींवर बोलतात, आणि भिंतीला भिंत लागून असल्यावर मोठ्या आवाजाचा जिंकतो. आजी तिथंच पलंगावर बसली.

"म्हणजे इतके दिवस मीच तोडत होते."

आजोबांनी तिच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि स्वतःच खांद्यावर ठेवली.

मला कपाटावरून उतरवून इथं स्टुलावर आणलं. पिशवी आता अकराच्या आधीच गरम होते. तास परत सुरू झाले. शब्द येतात, पण किती हळू येतात ते तुम्हाला सांगून पटायचं नाही. महिन्यात पाच-सहा आले तरी घरात दिवाळखोराला धन सापडल्यासारखं होतं.

आता मी खरोखरच म्हातारा झालोय. मधून मधून माझ्याच दोषानं बंद पडतो. रविवारी नवा डबा येणार आहे, दोन वेगवेगळ्या पट्ट्यांत बोलणारा. माझं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. मागणं एवढंच की त्याला लोखंडी कपाटावर चढवू नका, आणि तो अडखळला तर हात उगारण्याआधी घरातल्या गप्प माणसाकडे एकदा बघा.

जाता जाता परवाचं सांगतो. मी असाच बंद पडलो आणि मुलगा बाहेरच्या खोलीतून ओरडला, "आई, परत लावलास का तो मायक्रोवेव्ह?" आजी इथंच बसली होती, आजोबांच्या शर्टाला बटण लावत. तिची मान खाली गेली. मुलगा दारात आला. आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं. समोर चित्र नव्हतं, पडद्यावर बाई नव्हत्या. बराच वेळ ओठ हलले.

"तिला… नको… बोलू."

मुलगा दाराला धरून उभा राहिला. आजीनं सुई खाली ठेवली. मी बंदच होतो. ते तीन शब्द माझ्यातून गेले नाहीत. ते पलंगावरून दारापर्यंत आपले आपणच पोचले.